तुझी चूक मी झाकणार नाही, सदा

सदा,

तुझे दिवस झाले आणि दुसऱ्याच दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे राहिले. आत येईनात, जाईनात. शेवटी म्हणाले, "वहिनी, कॅप्टनसाहेबांच्या नावाची ही पाटी थोडे दिवस आत घेतली तर? पत्रकार येतात, फोटो काढतात. सगळ्यांनाच त्रास हो."

मी म्हटलं, "पाटी इथेच राहील. ज्यांना त्रास होतो त्यांनी जिन्यातून खाली बघून चालावं. जिन्यात तसंही खाली बघूनच चालायचं असतं."

ते गेले. तू असतास तर आतून हसला असतास आणि मग मलाच म्हणाला असतास, "अगं, बिचाऱ्याला एवढं कशाला?" लोकांना बिचारं म्हणण्याचं काम या घरात तुझं होतं. ते मी घेणार नाही.

लोकांचं काय चाललंय सांगते. काहींना वाटतं, मी आता तोंड लपवावं. काहींना वाटतं, मी तुला निर्दोष म्हणावं. मी यातलं काहीच करत नाही, म्हणून कर्वेनगरातली निम्मी माणसं मला बघून रस्ता ओलांडतात. ओलांडू देत. रस्ता रुंद आहे.

जे झालं ते मी एकदा सरळ लिहिते. त्या सकाळी डोंगरातल्या त्या लहान विमानतळावर ढग खाली उतरले होते. धावपट्टी दिसत नव्हती. एक उंची ठरलेली असते, तिथपर्यंत धावपट्टी दिसली नाही तर उतरणं सोडून परत वर जायचं. त्या उंचीच्याही खाली तू विमान नेलंस. शेजारी बसलेली को-पायलट, रेवती, म्हणाली, "गो अराउंड." म्हणजे सोडा हे, परत वर चला. तू ऐकलं नाहीस. ती पुन्हा म्हणाली. मग धावपट्टीच्या अलीकडची टेकडी आली. मागच्या बाजूला बसलेले काही जण वाचले. तू नाहीस, रेवती नाही, आणि तुझ्या भरवशावर डोळे मिटून बसलेली ती बाकीची माणसं नाहीत. त्यांची नावं पेपरात आली तेव्हा मी ती मोठ्यानं वाचली, एकटीच, ओट्याशी उभी राहून. या घरात ती एकदा तरी उच्चारली जायला हवी होती.

हे मी माझ्या मनाचं लिहीत नाही. चौकशी करणाऱ्यांचा प्राथमिक अहवाल आलाय. कॉकपिटमधलं तुमचं दोघांचं शेवटचं बोलणं त्यात आहे. अंतिम अहवालाला अजून वेळ लागेल म्हणतात. लागू दे. जे कळायचं ते मला कळलंय, आणि खरं सांगू, वाचताना मला आश्चर्य वाटलं नाही. राग आला. अजून आहे.

कारण तुला मी ओळखत होते ना.

तू हडपसरचा. तुमचा मळा ग्लायडरच्या मैदानाला लागून. लहानपणी शाळा बुडवून कुंपणाशी उभा राहायचास आणि मोठा झाल्यावर त्याच मैदानावर उडायला शिकलास. मी पेठेतली, मैत्रिणीबरोबर नुसती बघायला आलेली. "बसणार का?" तू विचारलंस. मी बसले. इंजिन नसलेलं ते विमान, वर गेल्यावर नुसता वारा ऐकू येतो. खाली आल्यावर तू म्हणालास, "ओरडली नाहीस तू." मी म्हटलं, "ओरडण्यासारखं काही केलंच नाहीस." तुझा चेहरा असा काही पडला की मला तू तिथेच आवडलास.

माझ्या बाबांनी तुला घरी बोलावलं तेव्हा पहिलाच प्रश्न विचारला, "विमान चालवता, ते ठीक. जमिनीवर असता तेव्हा काय करता?" तू म्हणालास, "परत वर कधी जायचं त्याची वाट बघतो." बाबांनी पोह्यांची बशी तुझ्याकडे सरकवली. आमच्या घरात होकार याहून मोठ्यानं कुणी देत नसे.

चाळिशीत तू माझ्याकडे पोहायला शिकलास ते आठवतंय? मी तलावावर शिकवते, सकाळच्या बॅचला सगळी लहान पोरं, आणि त्यांच्यात तू. आकाशात राहणारा माणूस पाण्याला घाबरत होता. पण पाण्यात तू माझं ऐकायचास. "पाय सोड" म्हटलं की सोडायचास. "आता बाहेर ये" म्हटलं की निमूट बाहेर यायचास, ओठ निळे, दात वाजतायत. शेजारची पोरं तुला चिडवायची आणि तू त्यांना खाऊ घेऊन द्यायचास. मला तेव्हा वाटलं होतं, या माणसाला ऐकता येतं. येत होतंच. जिथे तू नवखा होतास तिथे येत होतं. जिथे उस्ताद झालास तिथे कान बंद केलेस.

आणि एकदा तू परत फिरलाही होतास. विमान सुटल्यावर केबिनमध्ये काहीतरी जळाल्याचा वास येतोय असं एअर होस्टेसनं कळवलं, आणि तू क्षणात वळवलंस. पुढे तो वास कसला होता ते सापडलंही नाही. प्रवासी भडकले. कुणाचं लग्न चुकलं. एकानं तुला तोंडावर भित्रा म्हटलं. तू घरी आलास, वरणभात मागितलास आणि म्हणालास, "शिव्या देणारे सगळे जिवंत आहेत. ऐकायला बरं वाटतं." त्या दिवशी मला तुझा इतका अभिमान वाटला होता की मी बोलूनही दाखवला नाही. आज मला याचाच सगळ्यात जास्त संताप येतो. तुला येत होतं, सदा. परत फिरणं तुला येत होतं.

मग शेवटच्या रविवारचं भांडण. ताम्हिणी घाटातून येत होतो. धुकं असं की गाडीचं नाक दिसेना. मी म्हटलं, चहाच्या टपरीशी थांबू, जरा निवळू दे. तू म्हणालास, "पुढे मोकळं असणार." एका वळणावर समोरून ट्रक आला तो दिसायच्या आधी ऐकू आला. तू काठाला घेतलीस गाडी, तो गेला, तू पुन्हा निघालास. घरी पोचल्यावर, दारात कुलूप काढताना तू म्हणालास, "पोचलो की नाही?"

मी म्हटलं, "पोचलास म्हणून बरोबर ठरत नाहीस. तू प्रत्येक वेळी पोचतोस आणि प्रत्येक वेळी तुला वाटतं, चला, आपलंच बरोबर होतं. हे कधीतरी अंगाशी येणार आहे."

तू हसलास. "बरं बाई," म्हणालास आणि कुकर लावायला गेलास. भांडण तिथेच राहिलं. मंगळवारी तू ड्युटीवर गेलास. मी मनाशी ठरवलं होतं, आलास की हा विषय पूर्ण करायचा. तो आता मी एकटीच करतेय. आणि एक सांगते, मी सांगायला कमी पडले असं मी कुणाला म्हणू देणार नाही, स्वतःलासुद्धा नाही. मी सांगितलं होतं. रेवतीनंही सांगितलं. दोन बायकांनी तुला सांगितलं, कॅप्टन.

इस्त्रीवाला तुझे पांढरे शर्ट घेऊन आला त्या दिवशी मात्र मी खरोखर मोडले. तो बिचारा (बघ, तुझाच शब्द आला) आधी कुठेतरी पेपर वाचून आला होता. गठ्ठा माझ्या हातात न देता खुर्चीवर ठेवला आणि चपला हातात घेऊन जिना उतरला. कॉलरी अशा कडक की कुणीतरी आत्ता घालणार आहे. मी ते शर्ट कपाटात लावले. कुठे ठेवणार दुसरीकडे?

विनायक आला तो अहवाल आल्याच्या दुसऱ्या दिवशी. तुझा ग्लायडरच्या दिवसांपासूनचा दोस्त, तुझ्यासारखाच कॅप्टन, आता निवृत्त. अपघातानंतर दोन दिवसांत त्यानं टीव्हीवर सांगून टाकलं होतं की हवामानाची माहिती उशिरा मिळाली असणार, आणि शेजारी बसलेली मुलगी नवखी होती, ऐन वेळी गोठून गप्प बसली असणार. सगळ्या वाहिन्यांनी ते उचललं. 'को-पायलट गप्प का राहिली?' हे मी स्वतः पट्टीवर वाचलं. विनायकला वाटत होतं त्यानं तुझ्यासाठी केलं. अजून वाटतं.

तुम्हा उडणाऱ्या लोकांनी कर्वेनगरातल्या हॉलमध्ये तुझी शोकसभा ठेवली होती. तिथे मी काय बोलावं हे सांगायला तो आला होता.

"वहिनी, तुम्ही फक्त त्याच्या कौशल्याबद्दल बोला. अपघाताचा विषय नको."

"तो अपघातातच गेला ना, विनायकराव?"

"अहो, प्राथमिक अहवाल आहे तो. शेवटी काय येईल कोण जाणे. गेलेल्या माणसाच्या नावाला डाग नको, एवढंच."

"आणि गेलेल्या मुलीच्या?"

त्यानं चष्मा काढून पुसला. "ती नवखी होती, वहिनी."

"नवखी होती आणि बरोबर होती. टीव्हीवर जे बोललात ते जाऊन मागे घ्या."

"ते तसं नसतं हो."

"मग मी बोलते," मी म्हटलं. चहा अर्धा टाकून तो गेला. तुझ्या या घरात विनायकनं चहा टाकला, सदा. पहिल्यांदा.

शोकसभेला हॉल भरला होता. तुझा तो हसरा फोटो, हार, उदबत्त्या. पुढच्या रांगेत तुझी आई आणि तुझे मोठे भाऊ, दादा. हडपसरहून सगळी भावकी आलेली. एकामागून एक माणसं उठून बोलत होती. तू किती शांत, तू किती निष्णात, तुझा हात किती हलका. सगळं खरं होतं. त्या सकाळबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं, जणू तू झोपेत गेलास.

मी उभी राहिले. माझा आवाज तुला माहीत आहे, तलावाच्या या काठावरून त्या काठाला जातो. माइक बाजूला केला.

"सदा उत्तम वैमानिक होता," मी म्हटलं. "त्या सकाळी त्यानं चूक केली आणि त्या चुकीत माणसं गेली. त्याच्या शेजारी रेवती नावाची मुलगी बसली होती. ती गोठली नव्हती. तिनं योग्य वेळी योग्य तेच सांगितलं. माझ्या नवऱ्यानं ऐकलं नाही. ज्यांना सदाची आठवण काढायची आहे त्यांनी हे धरून काढा. हे वगळून ज्याची आठवण काढताय तो दुसरा कुणीतरी आहे. त्याला मी ओळखत नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, शोकसभा आहे ही."

"म्हणून तर आलेय," मी म्हटलं. "शोक माझा आहे."

दादा उठले आणि बाहेर गेले. त्यांच्यामागून निम्मी भावकी. खुर्च्या सरकण्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. विनायक मान खाली घालून बसून राहिला. आई हलल्या नाहीत. मी खाली येऊन त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मला वाटलं, आता हे नातंही गेलं.

दुसऱ्या दिवशी मी हडपसरला गेले. दादांनी दार उघडलं, बाजूला झाले, एक शब्द बोलले नाहीत. आई मागच्या अंगणात लसूण सोलत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सोलायला घेतला. बराच वेळ नुसत्या पाकळ्या ताटलीत पडत होत्या.

मग त्या म्हणाल्या, "लई झोंबलं बग काल."

"आई, मला खोटं नाही बोलता आलं."

"खोटं बोल कुटं म्हनते म्या? म्या काय आंधळी न्हाय. ल्हान हुता तवा बैल उधळला तरी कासरा सोडायचा न्हाय त्यो. हात सोलून निघायचं. बाप वरडायचा, सोड रं, सोड. ह्यो न्हाय सोडायचा. बैल थांबला की आमीच कौतिक करायचो. वाघ हाय म्हनायचो." त्यांनी पदरानं डोळे पुसले, लसणाच्या हातानं, मग ते आणखी झोंबले. "चुकला त्यो. लोकांची लेकरं घिऊन गेला. पर चुकला म्हनून माझा न्हाय का? माझाच हाय."

"माझाही आहे, आई."

"मंग झालं तर," त्या म्हणाल्या. "दादाचं मनावर घिऊ नगंस. त्याला भाऊ गेल्याचं रडू येत न्हाय, म्हनून त्यो तुज्यावर रागावतो."

आम्ही दोघी तिथे मन भरून रडलो, सदा. तुझी बाजू न घेता तुझ्यासाठी रडता येतं, हे मला तुझ्या आईनं शिकवलं. त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना दादांनी गाडीच्या डिकीत भाजीची पिशवी ठेवली. बोलले तेव्हाही नाहीत. पण पिशवी जड होती.

शोकसभेत कुणीतरी माझं बोलणं मोबाइलवर घेतलं होतं. ते कुठे कुठे फिरलं. मला शिव्या आल्या, बऱ्याच. नवऱ्याची चिता थंड व्हायच्या आत बाईनं त्याला विकलं, असंही एकानं लिहिलं. मग एका दुपारी फोन आला.

"मी रेवतीची आई बोलतेय. येरवड्याहून. तुम्ही येऊ शकाल का घरी? जे तिथे बोललात ते आमच्या ह्यांच्यासमोर बोलायला."

विनायकला कुठून कळलं कोण जाणे, त्यानं फोन करून मला अडवायचा प्रयत्न केला. "वहिनी, नका जाऊ. ती माणसं काय करतील सांगता येत नाही." मी म्हटलं, "जे करतील त्याचा त्यांना हक्क आहे," आणि स्कूटर काढली.

तिसरा मजला, दोन खोल्या. दारातच रेवतीच्या आईनं मला थांबवलं. माझ्याच वयाची बाई, केस विंचरलेले, डोळे कोरडे. "आधीच सांगते," त्या म्हणाल्या. "मी तुमच्या नवऱ्याला माफ बिफ करणार नाही."

"नका करू. मी ते मागायला आलेच नाही."

खरंच नव्हते गेले. ती माफी तुझी होती, सदा. ती तूच मागायची होतीस. तुझ्या वतीनं ती मागून मी स्वस्तात तुझी सुटका करणार नव्हते.

त्या बाजूला झाल्या. आत कॉटवर रेवतीचे वडील भिंतीकडे तोंड करून बसले होते. पोस्टातून निवृत्त झालेला सडपातळ माणूस. मी नमस्कार केला, त्यांनी मान वळवली नाही. त्यांच्या बायकोनं हळू आवाजात सांगितलं, "त्या टीव्हीवाल्याचं ऐकल्यापासून असे बसतात. जेवण नीट नाही. म्हणतात, मीच तिला लहानपणापासून सांगत आलो, मोठ्यांना उलट बोलायचं नाही. सर म्हणतील ते ऐकायचं. माझ्यामुळे ती गप्प बसली. मी अहवाल दाखवला तर म्हणतात, कागदावर काहीही लिहितात. म्हणून तुम्हाला बोलावलं. तुम्ही त्या माणसाच्या घरच्या. तुम्ही सांगितलंत तर पटेल."

मी कॉटसमोर स्टूल ओढून बसले. त्या घरावरूनच विमानं उतरायला जातात. तेवढ्यात एक आलं. इतकं खाली की खिडकीची काच थरथरली.

ते गेल्यावर मी म्हटलं, "काका, मी कॅप्टनची बायको."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेबद्दल मी इथे लिहीत नाही. ती तुझ्यासाठी होती, मी ती घेतली, बस.

"रेवती गप्प बसली नव्हती. ती बोलली."

"काय बोलली?"

"परत वर चला म्हणाली. आधी 'सर' म्हणून, अदबीनं. त्यानं ऐकलं नाही. मग पुन्हा म्हणाली. तेव्हा 'सर' म्हटलं नाही तिनं. आवाज चढवून बोलली. ते तसंच लिहिलंय, आवाज चढवून."

"'सर' न म्हणता?"

"न म्हणता."

"तुमच्या मिस्टरांना?"

"माझ्या मिस्टरांना. आणि तिचं बरोबर होतं. त्यांचं चुकलं."

ते बायकोकडे वळले. "ऐकलंस?" ते म्हणाले. "'सर' न म्हणता." त्यांच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. ते उठले, खोलीत इकडून तिकडे गेले, आणि मला म्हणाले, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. "चहा टाक गं," ते म्हणाले. रेवतीच्या आईनं माझ्याकडे बघितलं, माफ न करता, आणि आत जाऊन चहा टाकला. मी तो सगळा प्यायले.

निघाले तेव्हा रेवतीचे वडील माझ्यामागून दारापर्यंत आले. समोरच्या बिऱ्हाडातले गृहस्थ बाहेर आले होते, त्यांना त्यांनी हाताला धरून थांबवलं. मी एक जिना उतरले असेन तेवढ्यात वरून त्यांचा आवाज आला. मघाचा पुटपुटणारा आवाज नाही, खणखणीत. ते शेजाऱ्यांना पहिल्यापासून सांगत होते. आपल्या मुलीचं नाव घेऊन. तुझंही नाव घेऊन, सदा, पदवीसकट, चुकीसकट.

मी जिन्यात थांबले. कठड्याला धरून सगळं ऐकलं, त्यांचं सांगून होईपर्यंत.